पैसा कोणत्या वाटेनें जातो ?

गेल्या जून महिन्यांत शाळा उघडली त्या आठवड्यांतली गोष्ट. कार्यालयाच्या दाराशीं पालकांची रांग लागली होती. त्या रांगेंत आमच्या एका विद्यार्थ्याचे आजोबा होते. सारा जन्म ऊंस आणि गुऱ्हाळ ह्यांत घालविलेले, डोक्यास पटका, हातांत काठी. नातवानें वडिलांचा मोबाईल भिंतीवरील काळ्यापांढऱ्या चौकोनापुढें धरला, कांहीं आंकडे दाबले, आणि कारकुनानें पावती फाडून त्याच्या हातीं दिली. आजोबा कांहीं वेळ त्या पावतीकडे पाहत राहिले. मग मजकडे वळून म्हणाले, "मास्तर, पैसं दिलं म्हनत्यात, पर कुनाच्या हातातनं कुनाच्या हातात ग्येल्यालं मला तर काय दिसलं न्हाई. मग ह्ये पैसं ग्येलं तरी कोन्च्या वाटेनं ?"

भोंवतालचीं मुलें हंसलीं. परंतु त्यांपैकीं एकासही त्या प्रश्नाचें उत्तर देतां आलें नाहीं. आणि खरें सांगावयाचें तर त्या क्षणीं मलाही तें नीट देतां आलें नाहीं. जी वस्तु आपण दिवसांतून दहा वेळां वापरतों ती कशी चालते हें आपणांस ठाऊक नसावें, आणि ज्यास ती वापरतां येत नाहीं त्या वृद्धानेंच नेमका प्रश्न विचारावा, ह्याचें मला नवल वाटलें. त्या प्रश्नाचें उत्तर शोधून येथें विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें ठेवीत आहें.

पैसा एका गांवाहून दुसऱ्या गांवीं नेणें हें पूर्वीं मोठें जोखमीचें काम होतें. रुपयांची थैली घेऊन निघणारास वाटेंत चोराचिलटांचें भय. म्हणून सावकारांनीं हुंडीची युक्ति काढली. पुण्याच्या पेढीवर रक्कम भरावी, पेढीवाल्यानें चार ओळींचा कागद लिहून द्यावा, आणि तो कागद काशीच्या पेढीवर दाखवितांच तेथील सावकारानें रोख रुपये मोजावे. येथें ध्यानांत घेण्याजोगी गोष्ट ही कीं, पुण्याचे रुपये काशीस गेलेच नाहींत. ते पुण्याच्याच तिजोरींत राहिले. वाटेनें गेला तो शब्द. आणि दोन्ही पेढ्यांनीं आपापल्या वह्यांत जमाखर्च मांडून पुढें सवडीनें हिशेब पुरा केला. हें एक तत्त्व ज्यास समजलें त्यास आजच्या मोबाईलवरील देवघेवीचें अर्धें कोडें उलगडलेंच म्हणावयाचें.

गरिबाची हुंडी म्हणजे मनीऑर्डर. सन १८८० मध्यें टपाल खात्यानें हें काम हातीं घेतलें आणि गिरणगांवांतल्या कामकऱ्याची कमाई कोंकणांतल्या घरापर्यंत पोहोंचूं लागली. माझे वडील येथेंच रेल्वेंत नोकरीस होते. पगार झाला कीं ते नगर जिल्ह्यांतील आमच्या गांवीं आजीस मनीऑर्डर करीत. फॉर्मच्या खालच्या तुकड्यावर "सर्व खुशाल" एवढीच ओळ असे. आठ दिवसांनीं पोस्टमन ओसरीवर बसून नोटा मोजी, आजी अंगठा उठवी, आणि तो तुकडा मात्र जपून डब्यांत ठेवी. कागदी फॉर्मची ती जुनी पद्धत टपाल खात्यानें सन २०१५ मध्यें बंद केली. तिच्यांत उशीर होता, पण एक गोष्ट चांगली होती : पैसा कोणाच्या हातून आला हें आजीस डोळ्यांनीं दिसत होतें.

पुढें बँका आल्या, बँकांत संगणक आले. तरी प्रत्येक बँकेचें राज्य निराळें. दौंडच्या एका बँकेंतील रक्कम शिरूरच्या दुसऱ्या बँकेंत जावयाची तर धनादेश लिहा, तो वटण्याची वाट पाहा, आणि मध्यें सुटी आली तर आणखी थांबा. ह्या सर्व बँकांस एका सूत्रांत ओंवण्याची आवश्यकता होती. सन २००७ मध्यें संसदेनें देवघेवीच्या व्यवस्थेसंबंधीं स्वतंत्र कायदा केला; आणि रिझर्व्ह बँक व भारतीय बँकांचा संघ ह्यांच्या पुढाकारानें सन २००८ मध्यें मुंबईस 'नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया' ही संस्था निघाली. ही संस्था नफा वांटून घेण्यासाठीं काढलेली नाहीं. बँकांमधील देवघेव सुरळीत चालविणें हेंच तिचें काम. तिनें २२ नोव्हेंबर २०१० रोजीं 'आय. एम. पी. एस.' नांवाची सेवा सुरू केली. तिच्या योगें रात्रीं दोन वाजतां किंवा रविवारींसुद्धां एका खात्यांतून दुसऱ्या खात्यांत तत्काळ पैसे पाठवितां येऊं लागले. परंतु त्यासाठीं लांबलचक आंकडे अचूक लिहावे लागत, आणि सामान्य मनुष्य तेथेंच अडे.

ही अडचण ज्या योजनेनें दूर झाली ती 'यू. पी. आय.', म्हणजे सर्व बँकांची एकत्रित देवघेव. ११ एप्रिल २०१६ रोजीं रिझर्व्ह बँकेचे त्या वेळचे गव्हर्नर डॉ. रघुराम राजन ह्यांनीं मुंबईस तिचा आरंभ केला; तेव्हां तींत २१ बँका होत्या. नंदन निलेकणी हे ह्या कामीं सल्लागार होते, आणि संस्थेंतील ज्या अधिकाऱ्यांनीं ती उभी केली त्यांत दिलीप आसबे हे एक. सन २०१८ पासून संस्थेची मुख्य धुरा त्यांच्याकडे आली. पुष्कळांचा असा समज आहे कीं, ८ नोव्हेंबर २०१६ रोजीं पांचशें व हजारांच्या जुन्या नोटा रद्द झाल्या म्हणून ही व्यवस्था जन्मास आली. तें बरोबर नाहीं. ती सात महिने आधींच तयार होती. नोटांच्या टंचाईनें लोक तिच्याकडे वळले एवढेंच. ३० डिसेंबर २०१६ रोजीं ह्याच व्यवस्थेवर चालणारें 'भीम' नांवाचें सरकारी ॲप दिल्लीस प्रधानमंत्र्यांच्या हस्तें सुरू झालें.

'भीम' हें नांव डॉ. भीमराव आंबेडकरांचें स्मरण म्हणून दिलेलें आहे. ज्या विद्यार्थ्यांस बाबासाहेब केवळ घटनेचे शिल्पकार म्हणून ठाऊक आहेत त्यांनीं हेंही लक्षांत ठेवावें कीं, रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ सन १९२३ मध्यें लंडनला प्रसिद्ध झाला, आणि पुढें हिंदुस्थानच्या चलनासंबंधीं नेमलेल्या रॉयल कमिशनपुढें त्यांनीं साक्षही दिली. रुपयाची किंमत घसरली कीं तिचा भार गरिबावर पडतो, हा त्यांच्या विवेचनांतील एक मुख्य मुद्दा. आपलें दौंड तर भीमेच्याच कांठीं वसलेलें आहे. तेव्हां हें नांव आपणांस परकें वाटण्याचें कारण नाहीं.

आतां आजोबांच्या प्रश्नाकडे वळूं. त्याचें उत्तर शोधण्यास दौंडकरांस दूर जावयास नको. आपल्या स्टेशनावर जावें. पुणें, सोलापूर, मनमाड आणि बारामती अशा चार दिशांच्या लोहमार्गांची येथें गांठ पडते. मनमाडचा मार्ग सन १८७८ मध्यें खुला झाला, तेव्हांपासून ह्या गांवास जंक्शनची थोरवी आली. आतां अशी कल्पना करा कीं, जंक्शन नांवाची वस्तुच नाहीं, आणि प्रत्येक गांवाहून प्रत्येक गांवास निराळा रूळ टाकावयाचा आहे. दहा गांवांस पंचेचाळीस मार्ग लागतील, शंभर गांवांस चार हजार नऊशें पन्नास ! परंतु मध्यें एक जंक्शन असलें म्हणजे प्रत्येक गांवाहून एकच मार्ग तेथपर्यंत आणला कीं पुरे. मुंबईची ती संस्था म्हणजे बँकांचें जंक्शन. प्रत्येक बँकेनें आपला एक रूळ तेथें नेऊन जोडला आहे, आणि म्हणून कोणत्याही बँकेचा निरोप कोणत्याही बँकेस क्षणांत पोहोंचतो.

त्या नातवानें मोबाईल भिंतीपुढें धरला, तेव्हां काय घडलें तें क्रमानें पाहूं. भिंतीवरील चौकोनांत काळ्यापांढऱ्या घरांच्या रूपानें शाळेच्या खात्याचा पत्ता लिहिलेला असतो. ही लिपि सन १९९४ मध्यें जपानांतील मासाहिरो हारा ह्या अभियंत्यानें मोटारींचे सुटे भाग चटकन् ओळखतां यावे म्हणून शोधून काढली. 'गो' नांवाच्या जपानी पटावरच्या काळ्यापांढऱ्या सोंगट्यांवरून ती आपणांस सुचली असें त्यानें सांगितलें आहे. मोबाईलनें पत्ता वाचला आणि शाळेचें नांव दाखविलें. मुलानें रक्कम लिहिली. मग एक निराळें पान उघडलें व त्यानें चार किंवा सहा आंकड्यांचा गुप्तांक मागितला. ह्यासच 'पिन' म्हणतात. हें पान ॲप काढणाऱ्या कंपनीचें नसून त्या मध्यवर्ती संस्थेचें असतें. गुप्तांक तेथेंच मोहोरबंद होतो आणि त्या कंपनीस तो उघडतां येत नाहीं.

हा मोहोरबंद निरोप जंक्शनांत येतो. जंक्शन वडिलांच्या बँकेस विचारतें : गुप्तांक खरा आहे काय, आणि खात्यांत एवढी शिल्लक आहे काय ? बँक दोन्ही पडताळून रक्कम वजा करते व तसें कळविते. मग जंक्शन शाळेच्या बँकेस सांगतें : अमुक खात्यांत एवढी रक्कम जमा करा. ती जमा झाली कीं दोन्ही बाजूंस वर्दी जाते. एवढा सारा खटाटोप थोड्याशा सेकंदांत आटोपतो. ह्यांत एकही नोट हललेली नाहीं. एका वहींत वजा झालें, दुसऱ्या वहींत जमा झालें. वाटेनें गेला तो हुंडीप्रमाणेंच केवळ शब्द.

मग बँकांचा आपसांतील हिशेब केव्हां फिटतो ? प्रत्येक बँकेचें एक खातें रिझर्व्ह बँकेंत असतें, आणि दिवसांतून अनेक वेळां तेथें वजावाट होते. समजा, एका मुदतींत पहिल्या बँकेकडून दुसरीकडे पांच कोटि रुपये गेले, व दुसरीकडून पहिलीकडे चार कोटि ऐंशीं लाख आले. तर प्रत्यक्षांत वीस लाखच एका खात्यांतून दुसऱ्या खात्यांत टाकावे लागतात. सावकारांची जुनी रीत तीच. केवळ वेग निराळा.

कधीं कधीं निरोप मध्येंच तुटतो : इकडे वजा होतें आणि तिकडे जमा होत नाहीं. अशा वेळीं घाबरून पुन्हा पुन्हा पैसे पाठवूं नयेत. रिझर्व्ह बँकेचा सन २०१९ चा नियम असा आहे कीं, एका व्यक्तीकडून दुसऱ्या व्यक्तीस पाठविलेली व अडकलेली रक्कम फार तर दुसऱ्या दिवसापर्यंत, आणि दुकानदारास दिलेली पांच दिवसांच्या आंत, आपोआप परत आली पाहिजे. त्याहून विलंब झाल्यास दररोज शंभर रुपये भरपाई द्यावी लागते. हा आपला हक्क आहे, उपकार नव्हे.

पुष्कळ लोक ह्या सर्वांस मोबाईलमधील पाकीट म्हणतात, पण तेथें एक भेद आहे. पाकिटांत आधीं पैसे काढून ठेवावे लागतात. आफ्रिकेंतील केनिया देशांत सन २००७ मध्यें 'एम-पेसा' ही सेवा निघाली ती अशाच प्रकारची. तेथें ज्यांचें बँकेंत खातें नव्हतें अशा लाखों लोकांस टेलिफोन कंपनीकडे पैसे ठेवून ते मोबाईलनें पाठवितां येऊं लागले. आपल्या यू. पी. आय. मध्यें पैसा शेवटच्या क्षणापर्यंत बँकेंतच राहतो. अपवाद सप्टेंबर २०२२ मध्यें निघालेल्या 'यू. पी. आय. लाईट' ह्या लहान पाकिटाचा. चहा, वडापाव असल्या किरकोळ खर्चासाठीं थोडी रक्कम तेथें बाजूला ठेवतां येते आणि ती खर्चितांना गुप्तांक लागत नाहीं.

ह्या व्यवस्थेचा प्रसार किती झपाट्यानें झाला पाहा. डिसेंबर २०१६ मध्यें साऱ्या देशांत महिन्याचे व्यवहार सुमारें २० लाख होते. ऑगस्ट २०२५ ह्या एका महिन्यांत ते २,००० कोटींवर गेले. सन २०२४-२५ ह्या वर्षीं सुमारें २६१ लाख कोटि रुपयांची देवघेव ह्या मार्गानें झाली. ह्यास एक साधें कारण आहे. डिसेंबर २०१६ च्या आरंभीं ठाणें जिल्ह्यांतील मुरबाड तालुक्यांतलें धसई हें गांव महाराष्ट्रांतील पहिलें रोकडविरहित गांव म्हणून गाजलें. तेथें कार्ड घांसण्याचीं यंत्रें दुकानदारांस दिलीं होतीं. परंतु यंत्र म्हटलें कीं खर्च आला, दुरुस्ती आली. कागदावर छापलेल्या चौकोनास खर्च तो काय ? तो पाटीवर भाजी घेऊन बसणाऱ्या बाईसही परवडतो. आणि सन २०२० पासून अशा देवघेवीवर दुकानदाराकडून बँकेनें कसूर घेऊं नये असा नियम आहे. भूतान, सिंगापूर, फ्रान्स, मॉरिशस, श्रीलंका ह्या देशांशींही ह्या व्यवस्थेचा कमीअधिक संबंध जुळला आहे. ज्यांच्याकडे साधा मोबाईल आहे, इंटरनेट नाहीं, त्यांच्यासाठीं स्टार ९९ हॅश ही सोय आहे, आणि मार्च २०२२ पासून नुसत्या बोलण्याच्या फोनवरूनही पैसे देण्याची सेवा निघाली आहे.

येथवर वाचून कोणास वाटेल कीं सर्व उत्तम आहे. तसें असतें तर हा लेख मीं लिहिलाच नसता.

तीन वर्षांपूर्वीं आमच्या शाळेंतील आठवीचा एक मुलगा चार दिवस आला नाहीं. चौकशी करावयास त्याच्या घरीं गेलों. आई भाजी विकते. तिला वाचतां येत नाहीं. मोबाईलचें सर्व काम मुलगा पाही, आणि गुप्तांकही त्यालाच ठाऊक. एके दिवशीं फोन आला. मोठ्या समारंभासाठीं भाजी हवी आहे, आगाऊ पैसे पाठवितों, असें कोणी गोड बोलला. आणि "पैसे स्वीकारण्यासाठीं गुप्तांक दाबा" म्हणाला. मुलानें दाबला. पैसे आले नाहींत, होते तेच गेले : बियाण्यासाठीं ठेवलेले चार हजार रुपये. मुलानें भीतीनें दोन दिवस आईस सांगितलें नाहीं, आणि त्या दोन दिवसांत पैशांचा माग लागण्याची वेळ निघून गेली. मी गेलों तेव्हां तो कोपऱ्यांत भिंतीकडे तोंड करून बसला होता. आई मात्र मला म्हणाली, "गुरुजी, त्याला कायबी बोलू नका. मला वाचता आलं असतं तर त्याच्यावर ही पाळी आली नसती."

ते शब्द मीं विसरलों नाहीं. तो मुलगा बुद्धीनें कमी नव्हता. कोणतें बटण कोठें आहे हें त्यास पाठ होतें. पैसा कोणत्या वाटेनें जातो हें मात्र त्यास कोणीं शिकविलें नव्हतें.

पूर्वीं एकेरी लोहमार्गावर ड्रायव्हरच्या हातीं टोकन पडल्याखेरीज त्यास गाडी हलवितां येत नसे. हें आपल्या गांवांतील रेल्वेच्या घरांतील मुलांस वडील मंडळींकडून ऐकून ठाऊक असेल. टोकन गाडी सोडण्यासाठीं असे. येणाऱ्या गाडीची वाट पाहणाऱ्या प्रवाशास टोकन कोण मागेल? गुप्तांक म्हणजे तें टोकन. तो दाबला म्हणजे पैसा आपल्या स्टेशनांतून बाहेर निघतो. पैसा आंत यावयाचा असेल तर गुप्तांक केव्हांही लागत नाहीं. भिंतीवरचा चौकोनही पैसे देण्यासाठीं वाचावयाचा असतो, घेण्यासाठीं नव्हे. एवढें एक सूत्र त्या मुलास माहीत असतें तर चार हजार वांचले असते. ज्या मागणीच्या निरोपानें तो फसला तसा निरोप एका व्यक्तीनें दुसरीस पाठविण्याची सोय ऑक्टोबर २०२५ पासून बंद करण्यांत आली आहे. पण ठक नवी वाट शोधतातच, म्हणून सूत्र पाठ असावें.

आणखी दोन गोष्टी घरीं सांगाव्या. पहिली, रक्कम पाठविण्यापूर्वीं वर दिसणारें नांव मोठ्यानें वाचावें; चुकीच्या पत्त्यावर गेलेला पैसा परत आणणें फार अवघड. दुसरी, फसवणूक झाल्यास लाजून बसूं नये. १९३० ह्या क्रमांकावर तत्काळ तक्रार करावी व बँकेस कळवावें. पैसा ठकाच्या खात्यांतून पुढें काढला जाण्यापूर्वीं अडविला तरच हातीं लागतो. तेथें एक एक घटका मोलाची. पालकांसही माझी विनंति आहे कीं, मुलानें येऊन चूक सांगितली तर प्रथम फोन लावावा, रागावणें मागाहून करावें. ज्या घरांत चूक सांगण्याची भीति नाहीं त्या घरांत ठकाचें फार चालत नाहीं.

मुलाकडे व्यवहार सोंपवावयाचाच असेल तर गुप्तांक देऊं नये. सन २०२४ पासून 'यू. पी. आय. सर्कल' नांवाची सोय झाली आहे. तींत खातें वडिलांचें राहतें, आणि घरांतील दुसऱ्या माणसानें महिन्यास फार तर १५,००० रुपयांपर्यंत, किंवा वडिलांनीं ठरविलेल्या त्याहून लहान मर्यादेपर्यंत, खर्च करावा अशी परवानगी देतां येते. अथवा प्रत्येक वेळीं वडिलांची संमति घ्यावी असेंही ठरवितां येतें. किल्ली न देतां काम सोंपविण्याची ही रीत अधिक चांगली.

विद्यार्थ्यांनो, आज कित्येक घरांत आईबापांचें पाकीट प्रत्यक्षांत तुमच्या हातीं आहे. ज्यांनीं तुम्हांस अक्षरओळख व्हावी म्हणून कष्ट केले ते स्वतः त्या लहानशा पडद्यापुढें परावलंबी झाले आहेत. "द्या इकडे, मी करतों" असें म्हणून मोबाईल ओढून घेणें सोपें आहे. शेजारीं बसून, हें नांव, ही रक्कम, आतां तुमचा आंकडा तुम्हीच दाबा, मी तोंड फिरवितों, असें म्हणणें अवघड. कारण त्यास वेळ लागतो. पण तो वेळ देणें हें तुमचें काम आहे.

त्या भाजीवाल्या बाईंनीं पुढें तें शिकून घेतलें. मुलानें पाटीवर खडूनें अंक काढून दिले, आणि पंधरवड्यांत त्यांना ते ओळखूं येऊं लागले. आतां आपला गुप्तांक त्यांनीं बदलून घेतला आहे. तो मुलास ठाऊक नाहीं, आणि हें तो मला मोठ्या अभिमानानें सांगतो.

राहिले आजोबा. शाळेच्या वार्षिक दिवशीं ते पुन्हा आले, तेव्हां त्यांना जवळ बसवून स्टेशन, जंक्शन, टोकन असें सर्व सांगितलें. त्यांनीं शांतपणें ऐकून घेतलें, मग म्हणाले, "म्हंजी मास्तर, पैसा जाग्यावरच ऱ्हातो आन् शब्द जातो, आसंच ना ? मग शब्द देनाऱ्यानं शुद्धीवर ऱ्हायला पायजे." माझ्या सर्व लेखाचें सार त्यांनीं एका वाक्यांत सांगितलें. त्यांत भर घालण्यासारखें मजपाशीं कांहीं नाहीं.